तिसरी पायरी

गुरुवारी पहाटे साडेपाचला
मी व्हॅनमध्ये एक्क्याण्णव खोकी चढवतो.
स्वान्झीच्या चढाच्या गल्ल्यांतून ती हिंदकळत निघतात:
अंगावरच्या मातीसकट गाजरं,
झाकणाबाहेर डोकावणारी लीकची हिरवी शेंडी,
आणि तळाशी, हिवाळाभर न चुकता, सेलरिॲकचा कंद.
तो पहिल्यांदा पाहून माझी लेक म्हणाली होती,
"बाबा, ह्याला कुणी मारलं?"

टेकडीवरच्या घरांना मोठी खोकी.
तिथं घंटा वाजवायची नाही, पोर्चमध्ये ठेवून यायचं.
कधी कधी मागच्या गुरुवारचं खोकं तसंच भेटतं,
आतल्या पालकाला पाणी सुटलेलं.
मी नवं ठेवतो, जुनं उचलतो.
माझ्या पगारात मत धरलेलं नाही.

बावीस नंबरला मात्र
सगळ्यात लहान खोकं, साडेतेरा पौंडांचं,
आणि त्याला मालकिणी दोन.
खाली नेरिस, तीस वर्षं शाळेच्या खानावळीत वाढपी;
वर ओलुची, रात्रपाळीची नर्स, जुळ्यांची आई.
एकटीच्या आवाक्यात नाही म्हणून
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून
वाटणी.
नियम नेरिसचा: एकीनं कापायचं, दुसरीनं आधी उचलायचं.
मग कोबीवर सुरी अशी बेतानं फिरते
की सोनारानं बघत राहावं.
बटाटे मोजून. एखादा उरलाच तर जुळ्यांना.
बीट नेरिस घेत नाही, दात रंगतात म्हणते.
दात तिचे कवळीचे आहेत.

तिच्याकडे एक वही आहे.
सेंद्रिय कांदे सुपरमार्केटात स्वस्त, त्यांच्या स्वतःच्या छापाचे.
ओट्स तिथलेच, खालच्या फळीवरचे, वाकून घ्यावे लागतात.
दूध अकरा पेन्सनी कमी.
सफरचंदांपुढे तिनं लिहिलंय:
"न्यूझीलंड. माझ्यापेक्षा जास्त फिरलेली."

आणि मी?
मी रात्री आठला त्याच सुपरमार्केटात असतो,
ब्रिन पिवळी लेबलं चिकटवायला निघतो त्या वेळी.
आम्ही सातआठ जण दह्याच्या फ्रीजपाशी
डबे उलटेसुलटे करत उभे.
ताकाला जाऊन भांडं लपवणारे सगळे.
सेंद्रिय टोमॅटो, आज संपणारे, चाळीस पेन्स.
दिवसभर जे दारोदार पोचवलं
त्याचा सावत्र भाऊ पिशवीत घालून घरी येतो.
चवीत फरक? खरं सांगू, भूक लागलेली असते.

एप्रिलमध्ये शेतं रिकामी पडतात.
जुनं संपलेलं, नवं बोटभरही नाही.
त्याच महिन्यात कंपनीचं पत्र गेलं:
खोकं दीड पौंडानं महाग.
पुढच्या गुरुवारी टेकडीवर कुणाला पत्ताच नव्हता.
बावीस नंबरचं दार उघडंच होतं.
मला वाटलं, संपलं, आता रिकामं खोकं हातात देतील.

पायरीवर तिसरं माणूस होतं.
चोवीस नंबरचा काशपर, विद्यार्थी,
हातात सुटे पाच पौंड,
पाव चोरताना सापडल्यासारखा चेहरा.
"एकीनं कापायचं, दुसरीनं उचलायचं," नेरिस म्हणाली,
"पण तिघं असले की?"
ओलुचीनं डोळे चोळले, बारा तास उभी राहून आलेली.
"कापणारा शेवटी उचलेल."
"मग मधल्याचं काय?"
"मधला गप्प बसेल."
काशपर गप्पच होता.

लीक तीन झाले. गाजरं नऊ होती, देवाची कृपा.
एक जुळं वरून खाली घसरत आलं
आणि चार्डचं लाल पान घेऊन पळालं.
ते कुणाच्या हिश्शातलं, ह्यावर पुन्हा वाद.
मला उशीर होत होता, चार मिनिटं, मग सहा.
इंजिन चालू, पुढं अजून चौतीस दारं.

सेलरिॲकला कुणी हात लावला नाही.
तो तिसऱ्या पायरीवर, वर्तमानपत्राच्या कडेला,
सभेच्या अध्यक्षासारखा
चिखलाच्या मिश्यांनी बसून होता.